वायफाय साइट सर्व्हेची बॅग: सांगली-मिरज-कुपवाडसाठी काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. केबलिंग आणि सीसीटीव्हीची कामं चालू आहेत, आता वायफायचा सर्व्हे (कुठे किती सिग्नल पोचतो ते मोजून उपकरणांच्या जागा ठरवणं) वेगळं काम म्हणून घ्यायचाय. त्यासाठी एक बॅग कायमची भरून ठेवायची आहे. जागा साधारण तीन प्रकारच्या: कुपवाड एमआयडीसीतले पत्र्याचे शेड, तासगाव बाजूची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आणि मिरजेतली मध्यम आकाराची हॉस्पिटलं. क्वचित दोन इमारतींमधली बाहेरची लिंक.

हाताशी काय आहे: १६ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, एक अँड्रॉइड फोन, ३० मीटरची टेप, क्रिम्पिंग टूल, साधा केबल टेस्टर.

विचारायचंय ते असं. फोनवरच्या अ‍ॅपवर कितपत भागतं? महागडं सर्व्हे हार्डवेअर सुरुवातीलाच घ्यावं का? आणि एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, वायफाय सोडणारा डबा) तात्पुरता उभा करून मोजायचा तर शेडच्या मधोमध वीज कुठून आणायची?

मिरजकर_आरएफ

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरवर पैसे घालतात आणि स्टँड-बॅटरीला काही उरत नाही. मग ऑफिसात बसून नकाशावर भिंती काढायच्या, त्या भिंतींना सॉफ्टवेअरनं दिलेले आकडे चिकटवायचे आणि रंगीत हीटमॅप (सिग्नलचा नकाशा) ग्राहकाच्या हातात द्यायचा. आपल्याकडच्या भिंती त्या आकड्यांना बांधील नाहीत.

आधी काय मोजायचं ते ठरवा, म्हणजे बॅग आपोआप ठरते:

- मुख्य सिग्नल: हँडहेल्ड स्कॅनर, वायफाय कॉलिंग असलं काही असेल तर जिथे जिथे वापर आहे तिथे उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरदार) किंवा बरा.
- दुसऱ्या एपीचा सिग्नल: त्याच जागी उणे ७० ते उणे ७५ च्या आत. हा नसेल तर चालता माणूस एका एपीवरून दुसऱ्यावर जाताना अडकतो.
- सिग्नल आणि नॉइज (मागचा गोंगाट) यातला फरक: २५ डीबी. नॉइज उणे ९२ असेल तर उणे ६७ ला नेमका एवढाच मिळतो.
- एकाच चॅनलवरचे किती एपी उणे ८५ च्या वर ऐकू येतात. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल कमी पडण्यापेक्षा हीच डोकेदुखी जास्त.

वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी हे चारही आकडे ५ वर पाहा. तेवढ्याच अंतरावर तिथे मोकळ्या हवेतसुद्धा २.४ पेक्षा सुमारे ७ डीबी जास्त घटतात. २.४ वर छान दिसलेला नकाशा ५ वर फाटका निघतो.

मोजायला लॅपटॉपच्या आतलं कार्ड नको, यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्या. आतल्या कार्डाचा अँटेना स्क्रीनच्या कडेला असतो, झाकण किती उघडलंय यावर आकडा हलतो. लिनक्सवर काम करणार असाल तर अल्फाचा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम बरा: आत मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप आहे, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ४.१९ पासून आहे आणि मॉनिटर मोड (हवेतलं सगळं वायफाय ऐकायची सोय) विनाकटकट चालतो. विंडोजवरचं सर्व्हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर आधी त्या सॉफ्टवेअरची चालणाऱ्या अ‍ॅडॉप्टरची यादी बघा आणि मग अ‍ॅडॉप्टर घ्या. उलट क्रमानं घेतलं की तो कपाटात पडतो.

अ‍ॅडॉप्टर थेट लॅपटॉपला टोचू नका. मीटरभर लांबीची यूएसबी २ ची एक्स्टेंशन केबल लावा. यूएसबी ३ पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ च्या पट्ट्यात स्वतःच नॉइज सोडते, आणि तुम्ही तो नॉइज साइटचा म्हणून रिपोर्टात लिहिता.

पूर्वा_वाई

फोनचं सांगते. अँड्रॉइड ९ पासून कुठल्याही अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात. म्हणजे तुम्ही चालताय आणि स्क्रीनवर अर्ध्या मिनिटापूर्वीचा आकडा आहे. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग (स्कॅनवरची ही मर्यादा) बंद करायचं बटण आहे, ते बंद केल्याशिवाय फोन हातात घेऊ नका. आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपना स्कॅन करताच येत नाही. अ‍ॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी घेऊन सेटिंग्जमधून त्याचा वायफाय स्कॅनर चालू केला तर तेवढ्यापुरती यादी दिसते.

तरी फोन बॅगेत हवाच, कारण शेवटी वापरणारा तोच आहे. सर्व्हेच्या अ‍ॅडॉप्टरला उणे ६२ दिसतं तिथे फोनला उणे ६८ दिसेल, गोदामातल्या बारकोड स्कॅनरला उणे ७० सुद्धा. एकाच जागी, एकाच उंचीवर, एकाच एपीकडे तोंड करून दोन्ही मोजा, मिनिटभराची सरासरी घ्या आणि फरक लिहून ठेवा. रिपोर्टातला प्रत्येक आकडा त्या फरकानं खाली आणायचा. ग्राहकाकडे पाच प्रकारची उपकरणं असतील तर त्यातलं सगळ्यात कमकुवत, पण ज्यावाचून काम अडतं असं कुठलं ते विचारा आणि तेच सर्व्हेच्या दिवशी मागून घ्या.

अजून एक: नवीन विंडोज ११ आणि मॅक दोन्हीकडे लोकेशनची परवानगी बंद असली की एपीचा पत्ता दिसत नाही किंवा यादीच रिकामी येते. अ‍ॅडॉप्टर खराब आहे म्हणून बदलून आणण्याआधी ते बघा.

कुपवाडचा_केबलवाला

विजेचं माझ्याकडे द्या.

एपी पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालतो. त्याची मानकं: ८०२.३एएफ म्हणजे स्विचकडून १५.४ वॅट, एपीपर्यंत १२.९५ धरायचे. ८०२.३एटी म्हणजे ३० आणि २५.५. नवीन तीन रेडिओवाले एपी एएफवर चालू होतात खरे, पण एखादा रेडिओ बंद ठेवतात किंवा पॉवर कमी करतात, आणि वरचा दिवा हिरवाच राहतो. म्हणून इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) एटीचाच घ्या.

जुळणी अशी:

- १२.८ व्होल्ट १२ अँपिअर-अवरची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, आत बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असलेली. १५३ वॅट-अवर.
- १२ व्होल्टवरून ४८ व्होल्ट करणारा गिगाबिट पीओई इंजेक्टर, ८०२.३एटी वाटाघाटी करणारा, म्हणजे एपीला विचारून वीज देणारा. नुसता ४८ व्होल्ट ढकलणारा पॅसिव्ह नको.
- बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. पूर्ण २५ वॅटच्या एपीला १२ व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात, त्यामुळे ५ पुरतो.
- पिवळा एक्सटी६० कनेक्टर. मगर-क्लिप नकोत, स्टँड हलला की सुटतात आणि एपी परत चालू व्हायला तीन-चार मिनिटं जातात.
- छोटा व्होल्टमीटर डिस्प्ले.

हिशोब: एपी १२ वॅट घेतो, इंजेक्टरमध्ये १५ टक्के जातात, म्हणजे बॅटरीतून १४. बॅटरीचे ९० टक्के वापरले तर साडेनऊ तासांच्या आसपास. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड बॅटरी सांगलीत कुठेही मिळते आणि स्वस्त पडते, पण तिचे निम्मेच वापरायचे असतात. तीन तास मिळतील, आणि वजन दोन किलोच्या वर.

पॉवर बँकवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टचं. ७४ वॅट-अवर झाले, रूपांतरात जाऊन ६० धरा. चार तास. छोट्या हॉस्पिटलला पुरेल. यूएसबी पीडीवरून (पॉवर बँकच्या जलद चार्जिंगच्या पोर्टवरून) पीओई करणारे अडॉप्टर मिळतात, पण एटी देतात की फक्त एएफ ते डब्यावर वाचून घ्या.

२४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर बॅगेत ठेवायचाच असेल, बाहेरच्या जुन्या रेडिओंसाठी लागतो, तर त्याला लाल टेप गुंडाळा. दिसायला दोन्ही सारखेच.

आणि पॅच कॉर्ड शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल कॅट ६ म्हणून सर्रास विकतात. ब्लेडनं तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. चांगल्या २४ गेजच्या तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साडेआठ-नऊ ओहम, अ‍ॅल्युमिनियमवाल्याचा त्याच्या दीडपट. दहा मीटरला फरक पडत नाही म्हणतील, पण कनेक्टरमध्ये ती तार लवकर तुटते आणि सर्व्हेच्या मधे एपी लुकलुकायला लागतो.

कृष्णाकाठ

@कुपवाडचा_केबलवाला, हे अगदी हवं तसं मिळालं. स्टँडचं काय? आणि मोजायला एपी कुठला ठेवू? ग्राहक अजून कुठली कंपनी घ्यायची ते ठरवत असतो.

मिरजकर_आरएफ

स्टँड: फोटोग्राफरचा लाइट स्टँड २.८ मीटरपर्यंत जातो, ऑफिस आणि हॉस्पिटलला पुरे. स्पीकरचा स्टँड जड पण भक्कम. शेडमध्ये एपी ट्रसला (छताच्या लोखंडी सांगाड्याला) ७-८ मीटरवर लागणार असेल तर लाइट स्टँडवर २.८ वर मोजून काही कळत नाही, कारण त्या उंचीवर रॅक आडवे येतात आणि वर येत नाहीत. तिथे कंपनीची सिझर लिफ्ट किंवा मचाण मागा. रंगाऱ्याचा टेलिस्कोपिक दांडा काही जण वापरतात, पण सहा मीटरवर एपीचं वजन डोलतं आणि दांडा धरायला एक माणूस अडकतो.

एपी छताला ज्या तोंडानं लागणार त्याच तोंडानं स्टँडवर लावा. छताच्या एपीचा अँटेना खाली तोंड करून बसवायला बनवलेला असतो. तो उभा करून मोजला तर एका दिशेला भरपूर आणि मागे खड्डा असा खोटा नकाशा मिळतो. यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या एल पट्टीला एपीचं मूळ ब्रॅकेट स्क्रूनं बसवा आणि पट्टी स्टँडच्या खिळीला. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम. पट्टी एपीच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. पायाशी दोन-तीन किलोची वाळूची पिशवी, किंवा बॅटरीच खाली अडकवा.

एपी कुठला: स्वतंत्र चालणारा, कंट्रोलरशिवाय (सगळे एपी चालवणाऱ्या मधल्या यंत्राशिवाय). काही एपी कंट्रोलर दिसल्याशिवाय रेडिओच सोडत नाहीत, काही क्लाउडवर एकदा जोडल्यावर सेटिंग लक्षात ठेवतात. दुसरे चालतील, पण घरून निघण्याआधी इंटरनेट काढून, वीज बंद-चालू करून नेटवर्क येतं का ते बघा. ग्राहकानं कंपनी ठरवली असेल तर तेच मॉडेल विक्रेत्याकडून डेमो म्हणून मागा.

सेटिंग: चॅनल पक्का ठेवा, ऑटो नाही. २.४ ला २० मेगाहर्ट्झ, ५ लाही २० च ठेवा, चॅनलच्या रुंदीचा निर्णय नंतर. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं. पॉवर ५ वर १४ ते १७ डीबीएम, २.४ वर त्याहून ६ डीबीनं कमी. कमाल पॉवरवर सर्व्हे करणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. एपीचा आवाज दूरवर जातो, फोनचा परत येत नाही. स्क्रीनवर चार कांड्या आणि डेटा शून्य. ५२ ते १४४ मधला चॅनल निवडला तर एपी आधी ६० सेकंद रडार ऐकत बसतो. मोजायला ३६ किंवा १४९ घेतला की तो वेळ वाचतो.

सज्जनगड_पायथा

चॅनलचा विषय निघालाच आहे तर: एपीच्या सेटिंगमध्ये देशाचा कोड इंडियाच ठेवा. परदेशातून आणलेल्या एपीवर दुसऱ्या देशाचा कोड ठेवून जास्त पॉवर काढणारे भेटतात, तो सर्व्हे नंतर इथल्या एपीला लागू पडत नाही. आपल्याकडे ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे २०१८ च्या ऑक्टोबरातल्या अधिसूचनेनं परवानामुक्त झाले. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागाचा, ५९२५ ते ६४२५ चा, मसुदा मे २०२५ मध्ये आला. ६ चा अ‍ॅडॉप्टर घेण्याआधी राजपत्रातली ताजी स्थिती बघा आणि ग्राहकाकडे ६ चं एकतरी उपकरण आहे का तेही विचारा. कुपवाडच्या शेडमधल्या स्कॅनर गन बहुतेक करून ५ वरच असतात, काही तर अजून २.४ वर.

बेदाणा_किंग

कोल्ड स्टोरेजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

खोलीची भिंत म्हणजे पफ पॅनल: दोन बाजूंना पोलादी पत्रा, मधे फोम. फोम सिग्नलला काही करत नाही, पत्रा करतो. बाहेरच्या पॅसेजमधल्या एपीकडून आत अपेक्षा ठेवायचीच नाही. प्रत्येक खोलीला वेगळा एपी, आणि सर्व्हेत दार उघडं आणि दार बंद असे दोन वेगळे पास (मोजणीच्या फेऱ्या). दार उघडं ठेवून केलेला सर्व्हे दिसायला सुंदर असतो. दार उघडायला तिथला माणूस कुरकुर करतो, कारण गारवा जातो, त्यामुळे गाडी लोड-अनलोड होण्याची वेळ विचारून त्याच वेळी तो पास उरका.

दुसरं, माल. बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत लागलेले असताना आणि खोली रिकामी असताना आकडे वेगळे. रिकाम्या खोलीत चारी बाजूंनी पत्रा असल्यामुळे सिग्नल उड्या मारत सगळीकडे पोचतो. माल भरला की थप्प्यांच्या मधल्या गल्लीत एपी सरळ दिसला तरच भागतं. हळदीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीचंही तेच. त्यामुळे एपी गल्लीच्या रेषेत, गल्ली आडवी छेदून नव्हे, आणि रिपोर्टवर त्या दिवशी माल किती होता ते फोटोसकट लिहा. हंगामानंतर ग्राहक फोन करतो तेव्हा तोच फोटो कामी येतो.

तिसरं, दव. थंड खोलीतून बाहेरच्या उन्हात लॅपटॉप काढला की कीबोर्डवर पाणी. झिपवाली मोठी प्लास्टिक पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवा. लॅपटॉप आत असतानाच पिशवीत घालायचा, बाहेर आल्यावर तापमान सारखं होईपर्यंत उघडायचा नाही. एपी निवडतानासुद्धा डेटाशीटवर तापमानासोबत आर्द्रतेची ओळ वाचा, घरातल्या एपीवर नॉन-कंडेन्सिंग लिहिलेलं असतं.

कृष्णाकाठ

दोन पास ही गोष्ट कोटेशनमध्येच लिहितो, नाहीतर वेळेवरून वाद होणार.

भिंतीचं नेमकं कसं मोजायचं? मिरजेतल्या जुन्या इमारतींमध्ये काही ठिकाणी दीड-दोन फुटांच्या दगडी भिंती आहेत, आणि वर नवीन मजला विटांचा.

पूर्वा_वाई

स्टँडवरचा एपी भिंतीपासून ४-५ मीटरवर. भिंतीच्या अलीकडे हातभर अंतरावर उभं राहून मोजा, मग पलीकडे हातभर अंतरावर. दोन्ही वेळा अ‍ॅडॉप्टर एपीकडे, तुमचं अंग मागे. माणूस मधे आला की ५ गिगाहर्ट्झला सहज काही डीबी जातात आणि ते भिंतीच्या नावावर लागतात. अर्धा-अर्धा मीटर डावीउजवीकडे सरकत चार-पाच ठिकाणचे आकडे घेऊन सरासरी काढा, एका जागेवर परावर्तनामुळे खड्डा लागू शकतो. दोन सरासरींची वजाबाकी म्हणजे भिंत. एपी भिंतीला चिकटवून मोजू नका: अलीकडे-पलीकडे करताना अंतरच दुप्पट-तिप्पट होतं, आणि अंतर दुप्पट झालं की भिंत नसतानाही ६ डीबी जातात.

जवळच दार किंवा खिडकी असेल तर सिग्नल भिंतीतून न येता वळसा घालून येतो. म्हणून भिंतीच्या मधोमध मोजा, दारं बंद करून.

चार इंची विटांची भिंत, नऊ इंची विटांची, दगडी आणि स्लॅब असे चार आकडे त्या इमारतीपुरते काढून सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे भिंतीचे प्रकार म्हणून भरले की मग नकाशावरचा अंदाज विश्वासाचा होतो.

मिरजकर_आरएफ

हॉस्पिटलचं थोडं. एमआरआयच्या खोलीत स्टँड, बॅटरी, अंतर मोजायचा लेसर मीटर, वाळूची पिशवी यातलं काहीही घेऊन जायचं नाही, मशीन बंद दिसलं तरी. चुंबक कायम चालू असतो. ती खोली तशीही तांब्याच्या जाळीत बंदिस्त असते, आत वायफाय जाणार नाही, बाहेरच्या कंट्रोल रूमपुरतं बघा. एक्स-रेच्या खोलीची दारं शिशाची, तिथेही तेच.

कॉरिडॉरमध्ये सरळ रांगेत एपी लावण्याचा मोह आवरा. लांब कॉरिडॉरमध्ये सगळे एपी एकमेकांना स्पष्ट ऐकतात आणि वॉर्डातल्या कोपऱ्यात रुग्णाच्या उशाशी सिग्नल नसतो. वॉर्डाच्या आत, आळीपाळीनं डाव्या-उजव्या बाजूला.

सकाळी ओपीडी भरलेली असताना एक पास घ्या. रात्री रिकाम्या हॉलमध्ये घेतलेला आकडा आणि दोनशे माणसं बसलेली असतानाचा आकडा एक नसतो. आणि फॉल्स सीलिंगची टाइल परवानगीशिवाय उचलू नका, धूळ खाली पडते.

कुपवाडचा_केबलवाला

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (हवेतला वायफायशिवायचाही सिग्नल दाखवणारं यंत्र) घ्यायचाच का? माझं मत, सुरुवातीला नको. भाड्यानं आणा किंवा ज्याच्याकडे आहे त्याला एक दिवस बोलवा.

सज्जनगड_पायथा

इथे मतभेद. वायफाय स्कॅनरला फक्त वायफाय दिसतं. गच्चीवर केबलवाल्यांचे आणि छोट्या इंटरनेटवाल्यांचे ५.८ चे रेडिओ असतात; त्यातले मिक्रोटिक कंपनीच्या एनव्ही२ या वेगळ्या पद्धतीवर किंवा ५-१० मेगाहर्ट्झ रुंदीवर चालणारे तुमच्या यादीत कधीच येणार नाहीत. चॅनल १५७ रिकामा दिसतो आणि त्यावर एपी टाकला की रडतो. कँटीनचा मायक्रोवेव्हही तसाच, २.४५ च्या आसपास, साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्याचं १० मिलिसेकंद चालू, १० बंद. जेवणाच्या सुट्टीतच सापडतो.

स्वस्तात हवा असेल तर मूळ टायनीएसए (खिशातला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर) घेऊ नका, तो ९६० मेगाहर्ट्झपर्यंतच जातो. अल्ट्रा घ्यावा लागेल. त्याचा स्वीप (पट्टा चाळणं) सावकाश असतो, त्यामुळे क्षणभर येऊन जाणारा त्रास सुटतो; मॅक्स होल्ड (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवायची सोय) लावून एका जागी पाच-दहा मिनिटं ठेवा. सतत चालणारा व्हिडिओ ट्रान्समीटर किंवा गच्चीवरचा रेडिओ शोधायला पुरतो. इकाहाऊ कंपनीच्या साइडकिक या सर्व्हे यंत्रामध्ये वायफाय आणि स्पेक्ट्रम दोन्ही एकाच डब्यात, एकाच फेरीत होतं, पण किमतीचा हिशोब महिन्याकाठी किती कामं यावर करा. दोन-चार कामांसाठी मी तरी सांगणार नाही.

कुपवाडचा_केबलवाला

गच्चीवरच्या रेडिओंचं पटलं. त्यासाठी पायऱ्या चढून डोळ्यांनी बघणंही चालतं म्हणा. कुठल्या दिशेला किती डिश, फोटो काढून ठेवायचे.

बेदाणा_किंग

चालायचा वेग कुणी सांगा. मी बघतो ते लोक मोबाइलवर बोलत फिरल्यासारखे फिरतात.

मिरजकर_आरएफ

एपी साधारण १०२ मिलिसेकंदाला एक बीकन (स्वतःची ओळख सांगणारा संदेश) सोडतो, म्हणून प्रत्येक चॅनलवर त्याहून थोडं जास्त थांबावं लागतं. २.४ चे १३ आणि ५ चे २४ असे ३७ चॅनल, प्रत्येकी ११०-१२० मिलिसेकंद: एक फेरी चार सेकंदांच्या वर. सेकंदाला मीटर चाललात तर चार मीटरमागे प्रत्येक चॅनलचा एकच नमुना. म्हणून स्टँडवरच्या एपीचा सर्व्हे करताना फक्त त्याचेच दोन चॅनल चालू ठेवा. पूर्ण इमारत ऐकायची असेल तर दोन अ‍ॅडॉप्टर, एक २.४ ला, एक ५ ला.

वळणावर, दारात, रॅकच्या टोकाला थांबून नकाशावर क्लिक करा. सॉफ्टवेअर दोन क्लिकमध्ये तुम्ही सरळ, एकसारख्या वेगानं चाललात असं धरतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चाला. एकाच बाजूनं चालल्यावर पलीकडचा रंग हा सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. त्या अंदाजाची त्रिज्या सेटिंगमध्ये कमी करून ठेवा.

नकाशाचं माप: दाराच्या ९० सेंटिमीटरवर स्केल लावू नका. ३ सेंटिमीटर चुकले तर ६० मीटरच्या शेडमध्ये २ मीटरचा फरक पडतो. जितकं लांब अंतर तितकं चांगलं. ४० मीटरचा लेसर शेडला अपुरा आणि उन्हात ठिपका दिसत नाही, म्हणून खांबांमधलं अंतर मोजून खांब मोजायचे, किंवा मोजणीचं चाक घ्यायचं. जुन्या हॉस्पिटलचा नकाशा मिळाला तरी एका खोलीची लांबी-रुंदी ताडून बघा, मधे पार्टिशन टाकलेली असतात.

सज्जनगड_पायथा

बाहेरच्या लिंकबद्दल. सातारा भागात डोंगर मधे येतो, तो निदान दिसतो तरी. सांगलीकडे जमीन सपाट म्हणून लोक निर्धास्त असतात आणि ऊस विसरतात.

३ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झ: मधोमध फ्रेनेल झोनची (सिग्नलच्या रेषेभोवती लागणाऱ्या जागेची) त्रिज्या ६.२ मीटर, त्यातला ६० टक्के मोकळा हवा म्हणजे ३.७. तयार ऊस ३-४ मीटर. म्हणजे मधल्या शेतावरून तुमची रेषा जमिनीपासून पावणेआठ मीटरवर तरी जायला हवी. मार्च-एप्रिलमध्ये तोड झाल्यावर सर्व्हे केला की सगळं रान मोकळं दिसतं, लिंक झकास चालते आणि पावसाळा सरता सरता सिग्नल उतरत जातो. आडसाली असेल तर दीडेक वर्ष तो उभाच. मधल्या शेतकऱ्याला पुढचं पीक काय ते विचारा, आणि झाडं असतील तर त्यांची पुढच्या चार-पाच वर्षांची वाढ धरा.

यासाठी बॅगेत: दुर्बीण, होकायंत्र (फोनचं पत्र्यावर चुकतं, पत्र्यापासून लांब उभं राहून वाचा), लेव्हल, आणि समोरच्या गच्चीवर चमकवायला आरसा. नदी ओलांडणारी लिंक असेल तर पाण्यावरून परावर्तन येतं. दोन्ही टोकांच्या उंचीत थोडा फरक ठेवला तर बरं.

कुपवाडचा_केबलवाला

नदी म्हटल्यावर: नदीकाठच्या इमारतीत रॅकची जागा ठरवताना २०१९ च्या पुराचं पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं ते विचारून सर्व्हेच्या फोटोतच खूण करा. तळमजल्यावर बॅटरी आणि स्विच खाली ठेवायची सवय मोडत नाही लोकांची.

किरकोळ पण लागणारं: मास्किंग टेप आणि मार्कर (एपीची जागा जमिनीवर आणि खांबावर लिहायला, खडू पुसला जातो), टोनर (केबल शोधायचा), मल्टिमीटर, १० मीटरच्या दोन आणि ३ मीटरच्या दोन पॅच कॉर्ड, कपलर, ६ अँपिअर-१६ अँपिअर दोन्ही पिनची एक्स्टेंशन, केबल टाय, हेल्मेट, सेफ्टी शूज, जाकीट. एमआयडीसीत हेल्मेट नसेल तर गेटवरच थांबवतात.

आणि गेटपास! लॅपटॉप, एपी, बॅटरी, लेसर या सगळ्याची सिरीयल नंबरसह टाइप केलेली यादी, दोन प्रती, रिटर्नेबल म्हणून शिक्का मारून घ्या. नाहीतर संध्याकाळी बाहेर पडताना शिफ्ट बदललेली असते आणि नवा सिक्युरिटीवाला तुमचीच बॅग ठेवून घेतो.

कृष्णाकाठ

यादी आजच टाइप करतो. शेवटचं विचारतो: वेग मोजायचा तर साइटच्या इंटरनेटवर स्पीड टेस्ट चालेल का?

पूर्वा_वाई

नको. त्यात लाइनचा वेग मिसळतो. एक जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय ४ एपीच्या मागे गिगाबिट केबलनं जोडा, त्यावर आयपर्फ ३ (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) सर्व्हर, आणि फोनवरून दोन्ही दिशांना प्रत्येकी ३० सेकंद. रास्पबेरी पाय ३ घेऊ नका, त्याचं केबलचं पोर्ट १०० मेगाबिटचं किंवा यूएसबी २ मुळे ३०० च्या आसपास अडकलेलं असतं. पॉवर त्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्टचा ३ अँपिअर कन्व्हर्टर लावून घ्या. फोनकडून एपीकडे जाणारा वेग फारच पडला असेल तर एपीची पॉवर जास्त ठेवलीय का ते आधी बघा.

कृष्णाकाठ

बरं. बॅटरी यादीत फक्त बॅटरी म्हणून लिहू की अँपिअर-अवर सकट?

कुपवाडचा_केबलवाला

अँपिअर-अवर, व्होल्ट आणि लिथियम फेरो फॉस्फेट, तिन्ही लिहा. काही कंपन्या लिथियम म्हटल्यावर फायर ऑफिसरला विचारतात, त्याला आदल्या दिवशी मेल गेलेला बरा.